डाव्या अंगठ्याचा ठसा

कस्टमला टीप द्यायला आलेल्या माणसाचं नाव कुणी मोठ्याने विचारत नाही. त्याची माहिती एका ठरावीक नमुन्याच्या कागदावर उतरवली जाते. खात्यात त्या कागदाला ‘डीआरआय-वन’ म्हणतात. कोणता माल, कुठून येणार, कोणत्या गाडीतून, कुणाच्या नावावर, कधी. खाली सहीच्या जागी डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा घ्यायची पद्धत आहे. मग तो कागद पाकिटात जातो, पाकीट सीलबंद होतं आणि वरिष्ठ अधिकाऱ्याच्या ताब्यात जातं. खबऱ्याच्या हातात काही राहत नाही. पावती नाही, नक्कल नाही. त्याच्याजवळ राहतो तो त्याचा अंगठा, आणि कानात राहतात ते ‘वीस टक्के’ हे दोन शब्द.

या दोन शब्दांवरून होणारी भांडणं क्वचितच बाहेर येतात. खबरी आपल्या बायकोलाही सांगत नाही, तो वर्तमानपत्राला काय सांगणार? पण कधीतरी एखाद्याचा धीर सुटतो, तो वकील गाठतो आणि उच्च न्यायालयात, जमिनीच्या आणि नोकरीच्या खटल्यांच्या गर्दीत एक वेगळीच याचिका उभी राहते: मी सरकारला माहिती दिली, त्या माहितीवर सरकारने माल पकडला, आता माझे पैसे मला द्या. अशा प्रकरणांचे निकाल गेले वर्षभर मी मिळतील तसे वाचत आलो. त्यातून मनात पक्की झालेली एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. माहिती हवी असते तेव्हा सरकार खबऱ्याशी सौद्याची भाषा बोलतं. पैसे द्यायची वेळ आली की तेच सरकार दानधर्माची भाषा बोलायला लागतं. खबरी कसाही माणूस असो, मला हे अन्यायाचं वाटतं.

ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकातली मुंबई आणि कोकण पाहिलं त्यांना खबरी म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सोन्यावर निर्बंध आणले. १४ कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली. पुढे १९६८चा सुवर्ण नियंत्रण कायदा आला, तो थेट १९९०मध्ये रद्द झाला. बंदीने सोन्याची हौस काही कमी झाली नाही. लग्नं होतच राहिली, मंगळसूत्रं घडतच राहिली. मग दुबईहून गलबतांनी सोनं येऊ लागलं. दहा दहा तोळ्यांची बिस्किटं, ती ठेवायला आतून कप्पे शिवलेली जाड कापडाची जाकिटं, आणि ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या खाड्या. रात्री माल उतरवणं म्हणजे ‘लँडिंग’. हा इंग्रजी शब्द किनाऱ्यावरच्या शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक होता.

एका लँडिंगला किती माणसं लागतात याचा विचार केला की खबरी कुठून येतो ते कळतं. गलबतावरचे खलाशी, होड्यांमधून माल किनाऱ्याला आणणारे, डोक्यावरून वाहणारे, ट्रकचा चालक, वाटेतला नाका सांभाळणारा, ज्याच्या वाडीत दोन दिवस माल दडवायचा तो. सगळ्यांना थोडे थोडे पैसे मिळायचे आणि सगळ्यांना सगळं दिसायचं. त्यातला एखादा हिशेबात फसवला गेला, एखाद्याचं भाऊबंदकीतलं वैर होतं, एखाद्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. माहिती फुटायला याहून मोठी कारणं लागत नाहीत. माझ्या लहानपणी आमच्या बाजूला एका घराविषयी मोठी माणसं आवाज खाली आणून बोलायची. त्या घराला अचानक मंगलोरी कौलं चढली होती. कुणी म्हणायचं तो माणूस माल उतरवायला जातो, कुणी म्हणायचं त्यानेच टीप दिली. यातलं खरं कोणतं ते मला कधी कळलं नाही. एवढं मात्र आठवतं की गावात दुसरा आरोप पहिल्याहून वाईट समजला जायचा.

म्हणूनच सरकारला बक्षीस ठेवावं लागतं. किनारा लांब आहे आणि गस्तीच्या बोटी थोड्या. महसूल गुप्तचर संचालनालय म्हणजे डीआरआय डिसेंबर १९५७मध्ये स्थापन झालं. तेव्हापासून आजतागायत कस्टमच्या मोठ्या धाडी ज्याच्या जोरावर होतात तो बराचसा कुणाच्या तरी तोंडून आलेला शब्द असतो. तो शब्द आला नाही, किंवा आला आणि विकला गेला, तर काय होतं हे महाराष्ट्राने फेब्रुवारी १९९३मध्ये पाहिलं. श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं. पुढच्याच महिन्यात मुंबईत बॉम्बस्फोट झाले. किनाऱ्याची राखण ज्यांच्याकडे होती त्या कस्टम अधिकाऱ्यांपैकी काहीजण पुढे टाडा न्यायालयात दोषी ठरले. बातमीला किंमत नसते असं म्हणणाऱ्याने शेखाडीची पुळण एकदा पाहून यावी.

आता नियमांकडे येऊ. सगळं भांडण तिथेच आहे.

कस्टम आणि केंद्रीय उत्पादन शुल्क खात्यांची बक्षिसांची मार्गदर्शक तत्त्वं मार्च १९८५मध्ये एकत्र केली गेली. पुढे त्यांत बदल होत गेले, २०१५मध्ये ती नव्याने निघाली. गाभा तोच राहिला. पकडलेल्या मालाच्या विक्रीतून हाती आलेल्या निव्वळ रकमेच्या, किंवा चुकवलेल्या कराच्या, वीस टक्क्यांपर्यंत बक्षीस खबऱ्याला देता येतं. यातला ‘पर्यंत’ हा शब्द पुन्हा वाचावा. किनाऱ्यावरच्या माणसाला ऐकू येतात ते ‘वीस टक्के’. ‘पर्यंत’ त्याला कुणी समजावून सांगत नाही. कागदावर मात्र तोच शब्द सगळ्यात वजनदार आहे. एक कोटीचा माल पकडला तर वीस लाख देणं नियमात बसतं, वीस हजार देणंही नियमातच बसतं.

किती द्यायचं ते कशावरून ठरवायचं याची यादी नियमांत आहे आणि ती वाईट नाही. माहिती किती नेमकी आणि खरी होती, ती मिळवायला किती अवघड होती, खबऱ्याने किती धोका पत्करला, किती त्रास सोसला, पुढे त्याने किती मदत केली, माहितीतून मागच्या माणसांपर्यंत पोचता आलं का. शहाण्या माणसाने केलेली यादी आहे. पण कुठल्या मुद्द्याला किती वजन, हे कुठेच नाही. ते समितीतल्या अधिकाऱ्यांनी ठरवायचं आणि त्यांनी काय ठरवलं, का ठरवलं, हे खबऱ्याला सांगण्याचं बंधन नाही.

त्यातही काही भाग आगाऊ मिळू शकतो, पण शेवटची रक्कम खटला पुरता संपल्यावरच. पुरता म्हणजे काय, ते कस्टमच्या वकिलाला विचारा. आधी कारणे दाखवा नोटीस, मग निवाडा, मग आयुक्तांकडे अपील, मग न्यायाधिकरण, मग उच्च न्यायालय, आणि पैसेवाला असेल तर सर्वोच्च न्यायालय. ज्या वर्षी टीप दिली त्या वर्षी जन्मलेलं पोर कॉलेजात जातं. मधल्या एखाद्या पायरीवर दंड कमी झाला की खबऱ्याचा हिस्साही तेवढ्या प्रमाणात आटतो आणि आपला हिस्सा आटला हे त्याला कळत नाही, कारण त्या खटल्यात तो कुणीच नसतो. न्यायालयात त्याचं नाव उघड करावं लागू नये, अशी कायद्याची तरतूद आहे. माहिती कुठून मिळाली हे सांगायची सक्ती महसूल अधिकाऱ्यावर करता येत नाही, असं जुन्या पुरावा कायद्याचं कलम १२५ सांगत होतं. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम १३१ झालं. ही तरतूद खबऱ्याच्या जिवासाठी आहे आणि ती हवीच. पण जी भिंत त्याला तस्करापासून वाचवते, तीच भिंत त्याला त्याच्या स्वतःच्या फायलीपासून तोडते. माहितीच्या अधिकारात अर्ज करावा, तर डीआरआय त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कांच्या भंगाचा आरोप असल्याशिवाय तिथून कागद मिळत नाही.

आणि या सगळ्यावर एक वाक्य ठेवलेलं आहे. हे बक्षीस निव्वळ अनुग्रहपूर्वक आहे, हक्क म्हणून ते मागता येणार नाही.

मराठीत यासाठी किती शब्द आहेत पाहा. मजुरी, मेहनताना, मोबदला, दलाली, बिदागी, इनाम, बक्षीस. मजुरी आणि मोबदला घेणाऱ्याच्या हक्काचे. बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीचं. आपल्याकडे गवंड्याला मजुरी देतात आणि घर उभं राहिलं की खूश होऊन वर बक्षीस देतात. मजुरीच्या जागी बक्षीस ठेवलं तर गवंडी वीट उचलणार नाही. खबऱ्याच्या बाबतीत सरकारने नेमकं तेच केलं आहे: काम आधी करून घ्यायचं आणि सगळीच रक्कम मर्जीची ठेवायची.

२००३मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असा वाद गेला. खबऱ्याचं म्हणणं होतं की योजनेप्रमाणे मला अमुक रक्कम मिळायला हवी. न्यायालयाने सांगितलं की हे बक्षीस अनुग्रहाचं आहे, ते द्यायचं की नाही आणि किती, हे सक्षम अधिकाऱ्याने मार्गदर्शक तत्त्वांनुसार ठरवायचं, खबऱ्याला त्यावर हक्क सांगता येत नाही आणि न्यायालय तशी रक्कम देण्याचा आदेश काढू शकत नाही. तेव्हापासून देशभरातल्या उच्च न्यायालयांत सरकारी वकील सर्वांत आधी हाच निकाल पुढे करतात. न्यायाधीशांना कीव आली, तर ते जास्तीत जास्त अर्जावर विचार करून कारणांसह निर्णय द्या असं खात्याला सांगतात. पाकीट पुन्हा त्याच टेबलावर जातं.

त्या निकालाच्या शीर्षकात खबऱ्याचं नाव छापलेलं आहे. कायद्याच्या प्रत्येक ग्रंथालयात आहे, संगणकावर शोधलं तर क्षणात समोर येतं. मी ते इथे देणार नाही. ज्या नावासाठी अंगठ्याचा ठसा आणि सीलबंद पाकीट वापरलं, ते नाव पैसे मागताच कायमचं उघड झालं. आपल्याकडे सहसा दाद मागायची ही पहिली किंमत आहे आणि माझ्या मते याचमुळे बहुतेक खबरी गप्प बसतात.

हे सारं जुनंच आहे असं कुणी म्हणेल. नाही. आपल्याकडची जुनी रीत याच्या उलट होती. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सरकारी पैशाच्या अपहाराचा विचार केला आहे, त्यात माहिती देणाऱ्याला ‘सूचक’ म्हटलं आहे. आरोप सिद्ध झाला की सूचकाला रकमेचा सहावा हिस्सा. तो नोकर असेल तर बारावा. मोठ्या अपहारातला थोडाच भाग सिद्ध झाला, तर तेवढ्या भागातला वाटा. आरोप खोटा निघाला तर शिक्षा, आणि आरोपीने फूस लावल्यामुळे माघार घेतली तर थेट मृत्युदंड. कौटिल्य दयाळू म्हणून प्रसिद्ध नाही. पण त्याच्या नियमात ‘पर्यंत’ नाही. सहावा म्हणजे सहावा. काय मिळणार आणि काय भोगावं लागणार, हे सूचकाला तोंड उघडण्याआधी ठाऊक असायचं.

या विषयावरचं जगातलं सर्वांत गाजलेलं भांडण अमेरिकेतलं आहे आणि त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जुलै १८६१. यादवी युद्ध नुकतंच पेटलं होतं. विल्यम लॉइड नावाच्या माणसाच्या वतीने पुढे झालेला दावा असा की अध्यक्ष लिंकन यांनी त्याच्याशी करार केला होता. महिना २०० डॉलर पगारावर त्याने दक्षिणेत जायचं, कुठे किती सैन्य आहे ते पाहायचं, किल्ल्यांचे आणि तटबंद्यांचे नकाशे मिळवायचे आणि बातमी अध्यक्षांना पोचवायची. युद्ध संपेपर्यंत तो दक्षिणेत राहिला. परतल्यावर त्याला झालेला खर्च मिळाला, पगार मिळाला नाही. लिंकन यांची हत्या झालेली होती. लॉइडही गेला. त्याच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या टॉटन यांनी सरकारवर दावा लावला.

१८७६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. असा करार करण्याचा अध्यक्षांना अधिकार होता, हे न्यायमूर्ती फील्ड यांनी मान्य केलं. पण दावा फेटाळला. कारण असं की गुप्त कामाचा करार हा गुप्तच राहणार हे दोन्ही बाजूंना पहिल्या दिवसापासून समजलेलं असतं, आणि पैशासाठी न्यायालयात येणं हाच त्या कराराचा भंग आहे. निकाल छोटा आहे, पाच मिनिटांत वाचून होतो. दीडशे वर्षं झाली, तो अजून उभा आहे. अलीकडे जेन सिंगर आणि जॉन स्टुअर्ट या संशोधकांनी जुने कागद तपासून असं मांडलं की लॉइड हा हेर नव्हताच, भामटा होता आणि दावा रचलेला होता. हे खरं असेल तर एका भामट्याच्या खटल्याने पुढच्या सगळ्या खऱ्या हेरांची तोंडं बंद केली.

त्यातलंच एक जोडपं शीतयुद्धातलं. दोघं पूर्व युरोपातल्या साम्यवादी देशाचे नागरिक. त्यांचं म्हणणं, आम्ही पक्षांतर करून यायला तयार होतो, सीआयएने आम्हाला तिथेच राहून हेरगिरी करायला लावलं आणि जन्मभर सांभाळायचं वचन दिलं. काम संपल्यावर त्यांना नवी नावं देऊन अमेरिकेत आणलं. नवरा बँकेत नोकरीला लागला, पगार वाढत गेला तशी सरकारी मदत थांबली. १९९७मध्ये बँकेच्या विलीनीकरणात नोकरी गेली. मदत पुन्हा सुरू करा म्हणून त्यांनी विनंती केली, ती नाकारली गेली. २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी लॉइडच्याच निकालाचा आधार घेऊन त्यांचा दावा बंद केला. वचन दिलं होतं की नाही, या प्रश्नापर्यंत कुणी गेलंच नाही. गरज सरो, वैद्य मरो.

मात्र हेर वेगळा आणि तस्करीचा खबरी वेगळा, हा फरक अमेरिकेत एका बाईने दाखवून दिला. तिचं नाव जगाला ठाऊक नाही. खटल्याच्या शीर्षकात तिच्या नावाच्या जागी फक्त संकेतांक आहे: एसजीएस-९२-एक्स००३. अमली पदार्थविरोधी खातं, म्हणजे डीईए, तिला ‘प्रिन्सेस’ म्हणायचं. काळा पैसा पांढरा करून देणारी बाई असल्याचं सोंग घेऊन ती कोलंबियातल्या टोळ्यांच्या पैशात वावरत होती आणि आतली खबर खात्याला पुरवत होती. १९९५मध्ये कोलंबियात तिचं अपहरण झालं. तीन महिन्यांहून अधिक काळ ती कोंडून होती. १९९७मध्ये तिने फेडरल दाव्यांच्या न्यायालयात सरकारवर खटला भरला. तिचं म्हणणं असं की खात्याने तिच्या सुरक्षिततेची काळजी घेतली नाही आणि करारातला विश्वास मोडला. सरकार भांडत राहिलं. २०१४मध्ये न्यायाधीश सुझन ब्रेडन यांनी तिला सुमारे ११ लाख ४५ हजार डॉलर मंजूर केले.

सतरा वर्षं लागली, हे आपल्याकडच्या खबऱ्यालाही ओळखीचं वाटेल. पण दोन गोष्टी ओळखीच्या वाटणार नाहीत. तिचा आणि सरकारचा संबंध करार म्हणून तपासला गेला, अनुग्रह म्हणून नाही. आणि सतरा वर्षं खटला चालूनही तिचं नाव शीर्षकात आलं नाही. नाव झाकून न्याय देता येतो, एवढं तरी त्या शीर्षकाने सिद्ध केलं.

अमेरिकेचा पाढा मी कौतुकाने वाचत नाही. तिथे पैसा वाहून गेल्याचीही उदाहरणं आहेत. न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१६मध्ये डीईएचा हिशेब तपासला. ऑक्टोबर २०१० ते सप्टेंबर २०१५ या पाच वर्षांत खात्याने नऊ हजारांहून अधिक खबऱ्यांना सुमारे २३ कोटी ७० लाख डॉलर वाटले होते. त्यांत काहीजण असे होते की ज्यांना खात्याने स्वतःच आधी खबरी म्हणून बाद केलं होतं. त्याआधी २०१४मध्ये उघड झालेलं प्रकरण याहून बोलकं आहे. अॅमट्रॅक या सरकारी रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याने वीस वर्षं प्रवाशांची माहिती डीईएला विकली, ८,५४,४६० डॉलर घेऊन. तीच माहिती रेल्वेच्या पोलिसांकडून फुकट मिळाली असती. म्हणजे एकीकडे जीव धोक्यात घातलेली बाई सतरा वर्षं झगडते आणि दुसरीकडे खुर्चीत बसून आरक्षणाची यादी वाचणाऱ्याला सुरळीत पैसे मिळतात. दोन्हींचं मूळ मला एकच दिसतं. किती द्यायचं आणि कुणाला, हे ठरवणारा हात झाकलेला आहे आणि त्या हाताला जाब विचारणारं कुणी नाही.

हाच धोका आपल्याकडेही आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पाकिटातला माणूस कुणी पाहिलेला नसतो, म्हणून तो माणूस नसूही शकतो. अधिकाऱ्याने स्वतःच्या हुशारीने माल पकडायचा, मग मागच्या तारखेचा कागद करायचा, कुणाचा तरी अंगठा उठवायचा आणि बक्षीस वाटून घ्यायचं, हे होऊ शकतं ही शंका खात्यातल्या लोकांनाही असते. खबऱ्याला हक्क द्यायला सरकार कचरतं त्याचं एक खरं कारण हेही आहे. मी ते नाकारत नाही. पण खोट्या खबऱ्यापासून बचाव म्हणून खऱ्याला भिकाऱ्यासारखं उभं करणं हा उपाय होत नाही. खोट्याला अनुग्रह चांगलाच मानवतो, त्याची ओळख आतली असते. अडतो तो बाहेरचा.

मार्ग नाही असंही नाही. त्याच लिंकन यांनी मार्च १८६३मध्ये खोट्या दाव्यांचा कायदा केला. सैन्याला सडकं सामान विकणाऱ्या ठेकेदारांविरुद्ध कुणीही नागरिक सरकारच्या वतीने दावा लावू शकत होता आणि वसुलीतला निम्मा वाटा त्याचा होता. आज तो वाटा पंधरा ते तीस टक्क्यांच्या दरम्यान आहे, पण तो कायद्याने ठरलेला आहे. करचुकवेगिरीच्या मोठ्या प्रकरणांसाठी अमेरिकेने २००६मध्ये तीच रीत धरली. पंधरा टक्क्यांच्या खाली जायचं नाही, तिसाच्या वर जायचं नाही, आणि रक्कम पटली नाही तर कर न्यायालयात दाद मागायची. ते न्यायालय खबऱ्याला नावाऐवजी खटल्याच्या क्रमांकाने उभं राहू देतं. स्विस बँकेतल्या ब्रॅडली बिर्कनफेल्ड याला याच कायद्याखाली सप्टेंबर २०१२मध्ये १० कोटी ४० लाख डॉलर मिळाले. त्याआधी स्वतःच्या सहभागाबद्दल तो तुरुंगात जाऊन आला होता. खबरी सज्जन असेलच असं कुणी म्हणत नाही. ज्याला आतलं ठाऊक असतं तो बहुधा आतलाच असतो.

आपल्याकडे २०१८मध्ये आयकर खात्याने नवी योजना आणली. देशातल्या करचुकवेगिरीची माहिती दिली तर ५० लाखांपर्यंत, परदेशातल्या काळ्या पैशाची दिली तर ५ कोटींपर्यंत, आणि बेनामी मालमत्तेच्या वेगळ्या योजनेत १ कोटीपर्यंत. खबऱ्याला संकेतांक मिळतो, ही सुधारणा आहे. ‘पर्यंत’ मात्र जिथल्या तिथे आहे आणि आपल्या माहितीवरून किती कर वसूल झाला हे करदात्याच्या गोपनीयतेमुळे खबऱ्याला सांगितलं जात नाही. ज्या रकमेचा हिस्सा घ्यायचा ती रक्कमच माहीत नसेल, तर कमी मिळालं असं तो कोणत्या तोंडाने म्हणणार? सेबीने २०१९मध्ये आतल्या माहितीवरून होणाऱ्या शेअरव्यवहारांसाठी अशीच योजना आणली. तिथेही दहा टक्के ही कमाल मर्यादा आहे.

महाराष्ट्राच्या एका योजनेबद्दल मला जास्त आस्था आहे, कारण तिथे प्रश्न सोन्याचा नाही. २००१च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, २०११मध्ये ८९४ राहिल्या. बीड जिल्ह्यात ८०७. गर्भलिंग निदान करणाऱ्या केंद्रांची माहिती देणाऱ्यासाठी सरकारने खबरी योजना काढली, आधी २५ हजार, मग १ लाख. माहिती देणारी कोण असते? त्याच केंद्रात झाडू मारणारी, परिचारिका, शेजारीण, कधी तीच सून जिला सासूने तिथे नेलं. तालुक्याच्या गावात डॉक्टर म्हणजे मोठं प्रस्थ. त्याच्याविरुद्ध बोललेली बाई एका आठवड्यात ओळखली जाते. तिला एक लाख दोन वर्षांनी देऊन काय उपयोग? तिला ते त्या आठवड्यात हवे असतात, दुसरी नोकरी मिळेपर्यंत चूल पेटती ठेवायला.

आणि गडचिरोली. तिथे नक्षलवाद्यांनी मारलेल्यांच्या प्रेताजवळ ‘पोलिसांचा खबऱ्या’ असं लिहिलेली चिठ्ठी टाकलेली सापडत आली आहे. मारलेल्यांपैकी कितीजणांनी खरोखर एक रुपया घेतला होता आणि कितीजण फक्त पोलीस ठाण्यात दाखला आणायला गेले होते, हे सांगायला ते उरलेले नाहीत. बक्षिसाच्या टक्केवारीवर वाद घालताना मला ती चिठ्ठी विसरता येत नाही. नियमांतला ‘धोका आणि त्रास’ हा मुद्दा तिथे पोचल्यावर कसा मोजणार?

मागणी काही फार मोठी नाही. कमाल आकड्याच्या जोडीला किमान आकडा लिहावा. माल पकडल्यापासून ठरावीक दिवसांत पहिला हप्ता द्यावा. खटल्याच्या प्रत्येक टप्प्यावर काय झालं, ते संकेतांकावर कळवावं. नाकारलं तर कारण द्यावं. आणि दाद मागायला खात्याबाहेरची एक जागा असावी, निवृत्त न्यायाधीशाची असेल तरी चालेल, जिथे तो अंगठा दाखवून आत जाईल आणि नाव न सांगता बाहेर येईल. यातलं एकही काम तिजोरीवर भार टाकणारं नाही, कारण पैसा पकडलेल्या मालातूनच यायचा आहे.

शेवटी एक प्रसंग, जो नियमांत एका ओळीत येतो. खबरी बक्षीस मिळण्याआधी मेला तर? आयकराच्या योजनेत वारसाला रक्कम देण्याची सोय आहे. पण वारसाला आधी ठाऊक तर हवं. ज्या माणसाने वीस वर्षं घरात शब्द काढला नाही, त्याच्या बायकोला कुठल्या कचेरीतल्या कुठल्या कपाटात नवऱ्याचं पाकीट आहे, हे कोण सांगणार? तिला संकेतांक ठाऊक नाही, अधिकाऱ्याचं नाव ठाऊक नाही, आणि तो अधिकारीही बदली होऊन, निवृत्त होऊन गेलेला. पाकीट उघडून ठसा जुळवायचा तर त्यासाठी लागतो तो डावा अंगठा, आणि तो तिने स्वतः स्मशानात पोचवलेला असतो.